दहा डॉलरची केळीवाली नोट: तिच्यावर काय आहे आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेबरोबर सिंगापूरला होते. त्यांच्या ट्रंकेत दहा डॉलरच्या काही नोटा, शंभर डॉलरची एक आणि दहा रुपयांची एक नोट निघाली. डॉलरच्या नोटांवर इंग्रजीत ‘जपानी सरकार’ असं छापलंय, रुपयाच्या नोटेवरही इंग्रजी मजकूर आहे. दहा डॉलरच्या नोटेवर तर ‘धारकास मागताक्षणी देण्याचं वचन’ही आहे. या नोटा खऱ्या आहेत का, जपानी नोटेवर केळीचं झाड कशासाठी, ते वचन आज कोणी पाळेल का, आणि विकायच्या म्हटल्या तर किती येतील?

पैशाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. जपान सरकार एक पैसाही देणार नाही. बाजारातही दहा डॉलरच्या साध्या नोटेला फार भाव नाही. वापरलेली, घड्या पडलेली असेल तर शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास, कोरी करकरीत असेल तर थोडे जास्त. नोटांच्या प्रदर्शनात या नोटा गठ्ठ्याने येतात. पुण्याच्या जुन्या बाजारातही अधूनमधून दिसतात आणि विकणारा त्यांना बिनदिक्कत ‘जपानी डॉलर’ म्हणतो. जपानचं चलन येन. डॉलर नावाचं चलन जपानने स्वतःच्या देशात कधी चालवलं नाही. हे डॉलर त्याने दुसऱ्याच्या देशासाठी छापले होते, आणि नोटेच्या रचनेतल्या सगळ्या विचित्र गोष्टी तिथूनच सुरू होतात.

आता दहा डॉलरची नोट हातात घ्या. दर्शनी बाजू निळसर-हिरवी, चित्राच्या पार्श्वभूमीला फिकट पिवळसर रंगाची झाक. केळीचं झाड, त्याला लोंबणारे घड, शेजारी आणखी फळझाडं. वर इंग्रजीत जपानी सरकारचं नाव आणि ते वचन. खालच्या कडेला जपानी अक्षरांची एक ओळ आहे, तिचा उच्चार ‘दाइ निप्पॉन तेइकोकु सेइफु’, म्हणजे महान जपानी साम्राज्याचं सरकार. लाल शाईत ‘एम’ने सुरू होणारी दोन अक्षरं. नोट उलटी केली की समुद्रकिनारा, नारळाची झाडं आणि दूर क्षितिजावर एक जहाज. या केळीमुळेच मलायात, म्हणजे आजच्या पश्चिम मलेशियात, आणि सिंगापुरात हिचं नाव ‘केळ्याचा पैसा’ पडलं. हळूहळू जपानी अमदानीतल्या सगळ्याच नोटांना ते चिकटलं, मग त्यांच्यावर केळी असो वा नसो.

चित्र पाहून झालं की काय नाही ते मोजा. नोट ओळखायला शिकणाऱ्या पोरांना मी हेच आधी करायला लावतो. कोणाची सही नाही. तारीख नाही, साल नाही. बँकेचं नाव नाही. कोषागाराचा पत्ता नाही. राजा नाही, सम्राट नाही, कोणा माणसाचा चेहराच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘मलाया’ हा शब्दच कुठे नाही. ज्या देशात ही नोट साडेतीन वर्षं सक्तीने चालली त्या देशाचं नाव तिच्यावर नाही. त्याची जागा त्या लाल ‘एम’ने घेतलेली आहे.

हा विसराळूपणा नाही. या नोटांची तयारी लढाई सुरू होण्याआधी, १९४१ मध्येच झाली होती. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौज मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर कोटा बारूला उतरली ती आपला पैसा बरोबर घेऊनच. म्हणजे छापखान्यात केळीच्या घडाच्या रेषा कोरल्या जात होत्या तेव्हा तो देश अजून जिंकायचा होता. कधी हाती येईल, तिथे कोणाचं प्रशासन असेल, कोण सही करेल, काहीच ठरलेलं नव्हतं. अशा वेळी तारीख आणि सही नसलेली नोट सोयीची असते. चित्रंही तशीच निवडली. दक्षिणेकडच्या कुठल्याही उष्ण देशात खपून जातील अशी झाडं आणि फळं.

वेगवेगळ्या प्रदेशांच्या नोटा अक्षरावरून ओळखायच्या. एम म्हणजे मलाया, त्यातच उत्तर बोर्निओ, सारावाक आणि ब्रुनेई आले. बी म्हणजे ब्रह्मदेश, पी म्हणजे फिलिपिन्स, एस म्हणजे डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. ओ म्हणजे ओशिआनिया. न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांसाठीच्या पौंड-शिलिंगांच्या नोटा. या ‘ओ’च्या नोटा ऑस्ट्रेलियावरच्या स्वारीसाठी छापल्या होत्या अशी एक दंतकथा विक्रेते रंगवून सांगतात आणि भाव चढवतात. तिच्यावर पैसे घालवू नका.

जिथे जे चलन होतं त्याच नावाने नोटा काढल्या: मलायात डॉलर, ब्रह्मदेशात रुपया, फिलिपिन्समध्ये पेसो, जावा-सुमात्रात गुल्डन. आणि जुन्या चलनाशी दर एकास एक. यात हुशारी होती. लोकांना नवा हिशोब शिकायला लागत नाही, दुकानातल्या भावाच्या पाट्या बदलाव्या लागत नाहीत. सैनिकाने दहा डॉलर पुढे केले की दुकानदाराने दहा डॉलरचा माल द्यायचा, इतकं सोपं. पण घाईही होतीच, आणि ती ब्रह्मदेशात उघडी पडते. तिथे आपल्यासारखेच आणे-पै चालत. सोळा आण्यांचा रुपया. जपान्यांनी रुपयाच्या खालची नाणी बदलून १, ५ आणि १० सेंटच्या नोटा छापल्या! रुपयाला सेंट हे जोडीदार तिथल्या कोणी ऐकलेले नव्हते. त्याच मालिकेत पाव रुपया आणि अर्धा रुपया आहेत, म्हणजे चार आणे-आठ आण्यांची सवय ठाऊक होती. तरी खाली सेंट. मला हा तपशील फार आवडतो. कुठल्या तरी कचेरीत सगळ्या देशांचा एकच तक्ता करून काम उरकलेलं त्यात दिसतं.

भाषेचंही तसंच. ‘आशिया आशियावासीयांसाठी’ ही जपानची घोषणा. पण मलायाच्या नोटेवर मलय नाही, चिनी मजकूर नाही, तमिळ नाही. वचन दिलंय ते इंग्रजीत, म्हणजे ज्यांना हाकलून लावलं त्यांच्याच भाषेत. डच ईस्ट इंडीजच्या पहिल्या नोटांवर ते डचमध्ये होतं. तिथे रुपिया आणि स्थानिक भाषा आली ती १९४४ च्या नोटांवर, जेव्हा लोकांचा पाठिंबा मिळवण्याची निकड वाढली.

आता त्या वचनाकडे येऊ. आपल्या नोटेवरही ‘मैं धारक को... अदा करने का वचन देता हूँ’ असतं, म्हणून हे वाक्य ओळखीचं वाटतं. पण आपल्या नोटेवर वचनाखाली गव्हर्नरची सही आहे, बँकेचं नाव आहे. तो धारक कुठल्या दारात जाऊन उभा राहील हे ठरलेलं आहे. केळीवाल्या नोटेचा धारक कुठे जाणार? काउंटरच नाही. आणि वचन कशाचं? दहा डॉलरचं. ते डॉलर म्हणजे पुन्हा हीच नोट, कारण तिच्यामागे सोनं नव्हतं, चांदी नव्हती, परकीय गंगाजळी नव्हती.

१९४२ मध्ये जपानने ‘नानपो काइहात्सु किंको’ नावाची संस्था काढली, म्हणजे दक्षिण प्रदेश विकास बँक. पुढच्या वर्षीपासून नोटा पुरवण्याचं काम तिच्याकडे आलं. लष्कर तिच्याकडून नोटा ‘कर्जाऊ’ घ्यायचं, त्यातून तांदूळ, रबर, कथील, मजुरी, घरभाडं सगळं भागवायचं. वहीत ते कर्ज दिसायचं, पण ते फेडायला लष्कराने मलायात काही पिकवलं नाही की करातून तेवढं उभं केलं नाही. हेगच्या १९०७ च्या युद्धविषयक नियमांनुसार व्यापलेल्या प्रदेशातून माल घेतला तर शक्यतो रोख द्यायची, नाहीतर पावती द्यायची आणि पैसे लवकर चुकते करायचे. या नोटेने दोन्ही एकाच कागदात बसवलं. रोख दिल्यासारखंही झालं आणि चुकतं करायची वेळही कधी आली नाही. दरोडेखोराने घर धुऊन नेताना घरधन्याच्या हातात नीट शिक्का मारलेली पावती ठेवावी, तसा हा कागद आहे.

इथे थोडं निष्पक्ष राहायला हवं. व्याप्त प्रदेशासाठी वेगळा पैसा छापणं ही काही एकट्या जपानची युक्ती नव्हे. जर्मनीने युरोपात राइखस्क्रेडिटकासनच्या, म्हणजे व्याप्त प्रदेशांसाठीच्या आपल्या कर्जपेढ्यांच्या, नोटा चालवल्या. १९४३ पासून दोस्तांनी इटलीत लष्करी लिरा आणले. फरक पुढच्या जबाबदारीत आहे. दोस्तांचे लिरा पुढे इटलीच्या चलनव्यवस्थेत सामावले गेले आणि हिशोब कोणाच्या तरी माथी बसला. केळीच्या नोटा कोणाच्याच माथी बसल्या नाहीत, म्हणून त्या तुमच्या ट्रंकेत आहेत.

सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं आणि त्याचं नाव ‘स्योनान’ झालं. पहिल्या काही महिन्यांत जुने ब्रिटिशकालीन मलायन डॉलर आणि या नोटा शेजारी शेजारी चालत होत्या. मग जे व्हायचं तेच झालं. लोकांनी चांगला पैसा गादीखाली, मातीत पुरून ठेवला आणि बाजारात केळी फिरवली. त्याच साली मलाया आणि सिंगापूरच्या चिनी समाजाकडून जपान्यांनी ५ कोटी डॉलरची ‘भेट’ मागितली. खरं म्हणजे खंडणी. लोकांची घरंदारं, मालमत्ता विकूनही पूर्ण रक्कम जमेना, तेव्हा उरलेली जपानच्याच योकोहामा स्पेशी बँकेने त्याच लोकांना कर्ज म्हणून दिली आणि जून १९४२ मध्ये समारंभपूर्वक ती ‘भेट’ स्वीकारली गेली. दबलेला जुना पैसा बाहेर ओढायचा हाही त्यामागचा एक हेतू.

त्यानंतर छपाई सुटली. मलाया आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक तांदूळ बाहेरून आणत असे. समुद्री वाहतूक तुटली, रबराला गिऱ्हाईक उरलं नाही, माल कमी आणि कागद जास्त. युद्धापूर्वी तिथे एक पिकुल, म्हणजे सुमारे ६० किलो तांदूळ ५ डॉलरला मिळायचा. १९४५ च्या मध्यावर तोच ५,००० डॉलरच्या घरात गेला. बाजारातला पैसा ओढून घ्यायला १९४३ मध्ये सरकारी लॉटरी काढली, ‘कोनान साइकेन’ नावाची, एक डॉलरचं तिकीट. करमणूक बागांमध्ये जुगाराला परवाने दिले. एकीकडून पिंप भरायचं आणि दुसरीकडून चमच्याने उपसायचं, त्याने काय होणार?

तुमची शंभर डॉलरची नोट याच काळातली. सुरुवातीच्या मालिकेत सगळ्यात मोठी नोट दहाची होती, कारण १९४१ मध्ये आखणी करणाऱ्यांना त्याहून मोठी लागेल असं वाटलंच नव्हतं. १९४४ मध्ये शंभराची काढावी लागली. तिच्यावर पाण्याकाठची झोपडी आणि नारळाची झाडं, मागे नदीत म्हशी आणि त्यांचा राखणदार. नंतर शंभराचीच आणखी एक निघाली, तिच्यावर रबराच्या मळ्यात काम करणारे मजूर आहेत. शेवटी बैलगाडीचं चित्र असलेली हजाराची आली. तुमची कुठली ते चित्रावरून लगेच कळेल. झोपडीवाली असेल तर लाल अक्षरं बहुधा ‘एमटी’ असतील, आणि ती साधी आहे.

दहाच्या नोटांमध्ये मात्र नीट पाहण्यासारखं बरंच आहे. एक साधं भिंग घ्या आणि खिडकीजवळ बसा.

पहिली गोष्ट, क्रमांक. सगळ्यात आधीच्या खेपेतल्या नोटांवर अक्षरांपुढे आकडी क्रमांक आहे. म्हणजे सुरुवातीला तरी नोटा मोजल्या जात होत्या. पुढच्या खेपांमध्ये आकडे गेले आणि नुसती अक्षरं उरली. क्रमांक नसला की कुठली नोट कधी, किती छापली, याचा माग नोटेवरून लागत नाही. छापणाऱ्यालाही वेसण राहत नाही. क्रमांकाच्या दहाला संग्राहक बिनक्रमांकाच्या दहापेक्षा कितीतरी जास्त पैसे देतात.

दुसरी, कागद. नोट उजेडापुढे धरा. आधीच्या नोटांच्या कागदात किरी या जपानी झाडाच्या चार पाकळ्यांच्या फुलांचं जलचिन्ह सगळीकडे विखुरलेलं दिसतं. नंतरच्या काही खेपांमध्ये ते नाही, पण कागदात बारीक रेशमी तंतू मिसळलेले आहेत. भिंगाखाली केसासारखे दिसतात. ते छापलेले नसतात, कागदात रुतलेले असतात. सुईच्या टोकाने हलकेच चाचपलं तर कळतं, पण तुम्ही ते करू नका, नोट खरवडेल. त्याहून नंतरच्या नोटांत ना जलचिन्ह ना तंतू, कागद भुसभुशीत, शाई फिकी आणि कधी चित्राच्या कडेबाहेर गेलेली. जपानची जहाजं बुडत होती, तिकडून कागद आणि छपाई आणणं अवघड होत गेलं, नंतरची छपाई तिथेच आसपास झाली आणि दर्जा घसरला. एकाच किमतीच्या, एकाच चित्राच्या तीन-चार नोटा ओळीने मांडल्या तर युद्धाची परिस्थिती कशी बिघडत गेली ते तारखेशिवायच कळतं. तुमच्याकडे दहाच्या एकाहून जास्त नोटा आहेत, तेव्हा हे घरी करून बघाच.

तिसरी, छपाईचा स्पर्श. चांगल्या नोटेवर शाई कागदावर किंचित उठून लागते. या नोटांवर बोट फिरवलं तर बहुतेक सपाट लागतं. त्यामुळेच या नोटांची नक्कल त्या काळातही सोपी होती. क्रमांक नाही, सही नाही, कागद साधा. स्थानिक भामट्यांनी हात धुऊन घेतले. फिलिपिन्ससाठी तर अमेरिकेने सरकारी पातळीवर बनावट जपानी पेसो छापले, गनिमी दलांना खर्चायला. त्यासाठी जपानी वनस्पतींच्या तंतूंचा कागद मिळवण्याची त्यांनी बरीच खटपट केली. दोस्तांनी फिलिपिन्सच्या खऱ्या जपानी नोटांवर उलट बाजूला एक इंग्रजी प्रश्न छापूनही त्या लोकांत सोडल्या: ‘सह-समृद्धी वर्तुळ: याची किंमत काय?’ (‘सह-समृद्धी वर्तुळ’ हे जपानने आपल्या ताब्यातल्या आशियाला दिलेलं गोंडस नाव.) नोटेचाच पत्रकासारखा उपयोग.

मग १९४५ चा सप्टेंबर. ब्रिटिश लष्करी प्रशासन परत आलं आणि त्याने या नोटा चलन म्हणून नाकारल्या. अदलाबदल नाही, मुदत नाही, अमुक इतक्यापर्यंत बदलून मिळतील असंही नाही. त्याआधीच, ऑगस्टच्या मध्यात शरणागतीची बातमी पसरली तेव्हा, ज्याच्या हाती नोटा होत्या तो मिळेल ती वस्तू मिळेल त्या भावाने विकत घ्यायला धावला होता. ज्यांना बातमी उशिरा कळली ते बुडाले. ज्यांनी तीन वर्षं मातीत पुरून ठेवलेले जुने मलायन डॉलर बाहेर काढले ते तरले. ब्रह्मदेशातही रंगून मे १९४५ मध्ये परत घेतल्यावर हेच झालं. धान्य विकून शेतकऱ्यांनी जमवलेली पुंजी कागद ठरली.

नोट रद्द करणं एका जाहीरनाम्याने होतं, पण तिने झालेले व्यवहार कसे रद्द करणार? १९३९ मध्ये काढलेलं दहा हजारांचं कर्ज कोणी १९४४ मध्ये केळीच्या नोटांनी फेडलं असेल, तर ते फिटलं की नाही? ऋणको म्हणतो त्या दिवशी कायद्याने चालणारा पैसा हाच होता. धनको म्हणतो माझ्या हातात रद्दी आली. यावर मलाया आणि सिंगापुरात १९४८ मध्ये खास कायदा करावा लागला. त्यात महिन्यागणिक घसरत्या मूल्याचा तक्ता जोडला, कुठल्या महिन्यात दिलेले केळीचे डॉलर खऱ्या डॉलरमध्ये किती धरायचे याचा. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ‘हाव पिया विरुद्ध चायना बँकिंग कॉर्पोरेशन’ खटल्यात जपानी नोटांनी झालेली फेड वैध धरली, आणि इतर देण्यांसाठी तिथे घसरत्या मूल्याचा असाच एक ‘बॅलंटाइन तक्ता’ वापरात आला. मला विचाराल तर या नोटेचा सगळ्यात रोचक इतिहास चित्रांत नाही, या तक्त्यांत आहे. आज रद्दी वाटणाऱ्या कागदाची दर महिन्याची किंमत न्यायालयांना ठरवावी लागली.

आणि ते वचन? लोकांनी ते मागून पाहिलं. फिलिपिन्समध्ये धारकांची संघटना उभी राहिली. तिने सभासदांच्या नोटांवर आपला शिक्का मारून दावे केले. असे शिक्के असलेल्या पेसोच्या नोटा आजही बाजारात येतात. हाँगकाँगमधल्या जपानी लष्करी येनच्या धारकांनी टोकियोत दावा लावला. १९९९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. सप्टेंबर १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात दोस्त राष्ट्रांनी जपानविरुद्धचे बरेचसे दावे सोडून दिले. भारत त्या तहात सामील झाला नाही, पण ९ जून १९५२ च्या स्वतंत्र तहात आपणही नुकसानभरपाईचा हक्क सोडला. त्यामुळे जपानी वकिलातीला पत्र लिहिण्याचा विचार असेल तर टपालखर्च वाचवा. ‘जुन्या जपानी नोटा बदलून देतो, फक्त आधी नोंदणी शुल्क भरा’ असा निरोप कोणाकडून आला तर तो सरळ फसवणूक समजा. रद्द नोटांच्या मागे अशी माणसं लागतातच.

पणजोबांच्या बाबतीत एक संदर्भ सांगतो. सिंगापूर पडल्यावर १७ फेब्रुवारी १९४२ ला फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिक जपान्यांच्या ताब्यात देण्यात आले. त्यातले बरेच पुढे आझाद हिंद सेनेत गेले, बरेच युद्धकैदी म्हणून राहिले. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, गढवाल रायफल्सचे अधिकारी, त्याच सेनेत मोठ्या पदावर होते. पणजोबा कुठल्या बाजूला होते ते नोटांवरून सांगता येणार नाही. दोन्हीकडच्या माणसांचा रोजचा बाजारहाट याच नोटांनी व्हायचा. ते कळेल सेवापुस्तिकेवरून, पदकांवरून, पत्रांवरून. ट्रंकेत असा एखादा कागद असेल तर तो नोटांपासून वेगळा करू नका. नुसत्या नोटेला शंभर रुपये येतील, पण कोणाची, कुठून, कधी आली हे सांगणाऱ्या कागदासकट तीच नोट संग्राहकाला आणि अभ्यासकाला फार वेगळी वाटते.

यावरून एक इशारा. आझाद हिंद बँक एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला सुरू झाली हे खरं. पण तिच्या नावाने आपल्याकडे ज्या ‘नोटा’ लाखाच्या भावाने दाखवल्या जातात त्यांच्याकडे मी आधी संशयानेच बघतो, आणि बहुतेक वेळा तो संशय खरा ठरतो. तुमच्या केळीच्या नोटांच्या बदल्यात अशी एखादी देऊ केली तर हात जोडून परत करा.

केळीच्या नोटांमध्येही नकला आहेतच. साध्या नोटेची नक्कल करून कोणाला फारसं मिळत नाही, म्हणून बनवेगिरी वेगळ्या जागी होते. खऱ्या, स्वस्त नोटेवर खोटा क्रमांक छापतात. किंवा लाल शाईत ‘नमुना’ या अर्थाचे जपानी शब्द ठोकून ती दुर्मिळ नमुना-नोट म्हणून विकतात. फिलिपिन्सच्या नोटेवरचा तो ‘किंमत काय’वाला मजकूरही असाच मागाहून छापला जातो. ओळखायची खूण म्हणजे नव्या शाईचा रंग जुन्या घडीच्या आत उतरलेला दिसतो. घडी आधी पडली आणि शाई नंतर आली. मूळच्या छपाईत उलटं असतं, घडीवर शाई तडकून उडालेली असते. पर्यटनस्थळी विकायला छापलेल्या नकलाही फिरतात, पण त्यांचा कागद गुळगुळीत आणि पांढराशुभ्र असतो. भिंगाखाली रेषांऐवजी रंगांचे ठिपके दिसतात.

जपणुकीबद्दल जास्त सांगत नाही. इस्त्री करू नका, पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ प्लॅस्टिकचे पाकीट काही वर्षांत चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. नोटांसाठी मिळणारे कडक पॉलिस्टरचे पाकीट घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. ट्रंक तशीच ठेवायची असेल तर आतल्या डांबरगोळ्या काढा.

राहिली ती दहा रुपयांची. ‘बी’ अक्षराची असेल तर ब्रह्मदेशाची जपानी नोट. ती मिळायलाही सोपी आहे. याच मालिकेतल्या काही नोटांवर पगानचं आनंद मंदिर आहे. पण तुम्ही फोटो पाठवला नाहीत आणि ‘त्या नोटेवरही इंग्रजी मजकूर आहे’ एवढंच लिहिलंत, म्हणून एकदा नीट पाहा. तिच्यावर सहाव्या जॉर्जचा चेहरा असेल आणि आडवा लाल शिक्का असेल, ‘ब्रह्मदेश लष्करी प्रशासन, फक्त ब्रह्मदेशात कायदेशीर चलन’ अशा इंग्रजी मजकुराचा, तर ती जपानी नोट नव्हे. ब्रह्मदेश परत घेताना, १९४५ मध्ये, ब्रिटिशांनी आपल्या हिंदी नोटांवर, म्हणजे नाशिकरोडच्या छापखान्यातून निघणाऱ्या नोटांवर, हा मजकूर वरून छापला आणि तिकडे चालवल्या. पुढे १९४७ मध्ये असाच शिक्का ‘बर्मा करन्सी बोर्ड’च्या नावाने आला. या नोटांना खरे संग्राहक आहेत आणि भावही केळीपेक्षा कितीतरी चढा आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो पाठवा, एक उजेडापुढे धरून. जुन्या बाजारात कोणाला दाखवण्याआधी.